ठिपक्यावर ठेव, हात काढ

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागून ठेवतो. आमच्या घरात कागदावर लिहायची कारणं दोनच. शाळेचा फॉर्म भरायला, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात कोणत्या तारखेला कुणाच्या दारी स्पीकर लावायचे आहेत ते टिपायला. पहिलं काम माझ्याकडे असे, दुसरं अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच. आठवणी लिहिण्याइतकं माझं वय नाही आणि अनुभवही नाही. त्यात विषय असा, की त्यावर माझ्यापेक्षा जाणती माणसं शहरात ढिगाने सापडतील. पडद्यावरची एखादी गोष्ट दिसायला सुंदर असावी आणि वापरायलाही सोपी असावी, हे दोन्ही कसं साधायचं, असा तो विषय. मला ते साधलं नाही. जे तोंडाने सांगायचं होतं ते न सांगता मी लिहीत बसलो आहे, याचीही माफी त्यातच धरावी.

सोयगाव तालुक्यातल्या एका लहान गावात अण्णांचा साउंडचा धंदा आहे. स्पीकरचे चार खोके, दोन भोंगे, वायरींची एक पोतडी आणि एक अॅम्प्लिफायर. त्याला घरात सगळे मशीन म्हणतात. अण्णा चौथी शिकले. मशीनवरची इंग्रजी अक्षरं त्यांना कधी वाचता आली नाहीत, आणि मला वाचता येऊ लागली तोवर ती पुसून गेली होती. पण त्यांचं काही अडलं नाही. मशीन नवीन आलं तेव्हा त्यांनी एक दिवस देवळात बसून, बटणं फिरवून फिरवून, माणसाचा आवाज कुठे स्वच्छ लागतो ते शोधलं होतं. मग आईची जत्रेत घेतलेली नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि प्रत्येक बटणाशेजारी, त्या नेमक्या जागी, लाल ठिपका दिला. आईकडे तेवढी एकच बाटली होती. ती नखांना फारशी लागलीच नाही, असं ती अजून बोलून दाखवते.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना अण्णा मला मशीनजवळ बसवून जेवायला जायचे. जाताना एकच वाक्य सांगायचे. "ठिपक्यावर ठेव आन् हात काढ." बस्स. मला वाटतं, साउंडबद्दल मला कुणी काही शिकवलं असेल तर ते एवढंच, आणि नंतर इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत तेच मी विसरलो.

आमच्या गावात माघात सप्ताह बसतो. सात दिवस कीर्तन, आठव्या दिवशी सकाळी काला. मला कळतं तेव्हापासून सप्ताहाचा साउंड अण्णांचाच. त्याचा कागद होत नाही. तुळशीची लग्नं लागली की सप्ताह कमिटीची दोन माणसं दारी येतात आणि अण्णांच्या तळहातावर एक सुपारी ठेवतात. ती सुपारी माघापर्यंत आमच्या देव्हाऱ्यात राहते. लग्नं, बारशी, निवडणुकीच्या सभा येतात-जातात, पण ही सुपारी म्हणजे अण्णांची गावातली जागा. आता तालुक्यात मोठमोठ्या रंगीत दिव्यांचे डीजे झालेत. तरी कीर्तनाला माणूस लागतो तो शब्द ऐकू देणारा, असं कमिटीवालेच म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी एका बारशात माझ्या लक्षात आलं. माइकने शिट्टी मारली. माइकमधला आवाज खोक्यातून बाहेर पडून पुन्हा माइकमध्ये शिरला, की स्वतःभोवतीच फिरत वाढतो आणि कान फाडणारी शिट्टी होते, तीच. पाळण्यातलं मूल दचकून रडायला लागलं. बायकांनी कानावर पदर घेतले. अण्णा मशीनजवळ बसून शांतपणे वायर गुंडाळत होते. मी धावत जाऊन बटण खाली घेतलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "काहून रे, काय झालं?"

मी त्यांना शहरात आणून कान दाखवले. डॉक्टरांनी सांगितलं, इतकी वर्षं खोक्यांशेजारी बसून वरचे, बारीक आवाज गेलेत, ते आता परत यायचे नाहीत. बोलणं अजून ऐकू येईल. बाहेर रिक्षात बसल्यावर अण्णा म्हणाले, "शिट्टीच ऐकू येत नाय ना फकस्त? मंग तर बरंच की. लोकांला पैशे देऊन बी अशी सोय भेटत नसंल." मी हसलो. तेही हसले.

तिथून माझ्या डोक्यात प्लगिन आलं. प्लगिन म्हणजे आवाजाच्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या आत बसणारं एक छोटं सॉफ्टवेअर. गाळणीतून चहा जावा तसा आवाज त्यातून गाळून जातो. मी ठरवलं, अण्णांच्या मशीनच्या आधी एक लॅपटॉप बसवायचा, आणि त्यात असं काहीतरी करायचं की शिट्टी सुरू होताच पकडली जाईल आणि ती कानांऐवजी डोळ्यांना कळेल. कान गेले तरी अण्णांची सप्ताहातली जागा जाणार नाही. तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प करायचाच होता. मी हाच घेतला.

आवाजाचं गणित महिन्याभरात जमलं. खरं काम त्यानंतर सुरू झालं, म्हणजे तोंडवळ्याचं. पडद्यावर काय दिसावं, बटणं कुठे असावीत, अक्षरं किती मोठी. आमचे सर मनापासून शिकवणारे. ते म्हणायचे, आपल्या मातीतले रंग घ्या, सगळ्यांचं सारखं काळं-निळं कशाला. मी अजिंठ्याच्या घाटातल्या खडकांचे, गेरूचे, वाळल्या गवताचे फोटो काढले. त्यातून गडद तपकिरी जमीन केली, तिच्यावर तांब्याच्या चकाकीची बटणं आणि पिवळसर बारीक अक्षरं. अंधाऱ्या जागी कुणी दिवा धरलाय असं ते दिसे. मला रोज सकाळी उठून आधी तेच उघडून बघावंसं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी देखणं झालं होतं, आणि ते मला सोडवत नव्हतं.

बटण जास्तीत जास्त कुठपर्यंत न्यायचं, त्यापुढे धोका, हे दाखवायला मी प्रत्येकाच्या कडेला एक छोटा लाल ठिपका दिला. त्या सगळ्या तपकिरी रंगात तेवढाच एक उठून दिसे, कपाळावरच्या कुंकवासारखा. सर म्हणाले, "हा ठिपका फार छान सुचला तुला." कुठून सुचला ते मी सांगितलं नाही. खरं म्हणजे मलाच ते माहीत नव्हतं.

माझा एक मित्र शहरातल्या छावणी भागात राहतो. लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. त्याला दाखवलं तर तो पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाला, "अबे, ये तो जेवर की दुकान लगरी. अब्बा चलाएंगे के फ्रेम करके दीवार पे लगाएंगे?"

"चलाएंगे रे," मी म्हणालो. "बघून कळतं सगळं."

"किसकू कळतं? तेरेकू?"

मी ते हसण्यावारी नेलं.

प्रकल्पाच्या कागदात 'वापरणारा कोण' असा एक रकाना होता. तिथे माझे वडील असं लिहायचं होतं. मी लिहिलं: लाइव्ह साउंड इंजिनिअर, वय अठ्ठावीस, शहरात राहणारा, इंग्रजी वाचणारा. वर्गातल्या बाकीच्यांचे वापरणारे असेच होते. चौथी शिकलेला, नेलपॉलिश लावून काम चालवणारा माणूस त्या रकान्यात लिहायची मला लाज वाटली. हे लिहितानाही वाटते, पण आता ती लाज वेगळी आहे.

दिवाळीत घरी गेलो आणि माझा जुना लॅपटॉप अण्णांच्या मशीनला जोडून दिला. अण्णा बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग आईला हाक मारली, "अगं ये, बघ पोरानं काय केलंय. लई देखणं हाय." आईने हात पुसत बघितलं आणि म्हणाली, "देवाच्या मखरावानी दिसतंय." अण्णांनी एकच प्रश्न विचारला. "कुठं ठिवायचं ही बटणं?"

मी म्हणालो, "ते बघूनच कळतं, अण्णा. चांगल्या कामात सांगावं लागत नाही."

हे वाक्य सरांचं होतं. मला ते फार आवडायचं.

माघात सप्ताह बसला आणि माझं सादरीकरण नेमकं सातव्या दिवशी आलं. अण्णा सहा दिवस जुन्या पद्धतीनेच काम करत होते, आई मंडपात बायकांत बसून शिट्टी वाजली की त्यांना हाताने खूण करायची. इकडे माझं सादरीकरण चांगलं झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लाल ठिपक्याचं कौतुक केलं, पडद्याचे फोटो काढून घेतले. वर्गात सर्वांत जास्त गुण मला मिळाले. फोनवर अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग उद्या काल्याला ये. उद्या तुझंच लावतो. गावाला बी दिसू दे."

पहाटेच्या एसटीने निघालो. फाट्यावर उतरलो तेव्हाच शिट्टी ऐकू आली. गाव तिथून चांगलं दहा मिनिटं चालत. आधी वाटलं, दुसरंच काहीतरी असेल. मग ती थांबून पुन्हा वाजली, आणि मी पळत सुटलो.

देवळासमोर सगळं गाव बसलं होतं, शेजारच्या गावांतलीही माणसं होती. पोरं कानात बोटं घालून बसली होती. कीर्तनकार महाराजांनी माइकवर उपरणं टाकलं होतं आणि ते नुसतेच हात जोडून उभे होते. आई पुढून जोरजोरात हात हलवत होती. पण अण्णा तिच्याकडे बघत नव्हते. ते लोखंडी पेटीवर बसून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होते. लॅपटॉपला हळदकुंकू लावलेलं होतं. पडदा उन्हात होता. माझी बारीक पिवळसर अक्षरं, शिट्टी सुरू झाली हे सांगणारी ती नाजूक रेघ, यातलं उन्हात काहीच दिसत नव्हतं. दिसत होते फक्त लाल ठिपके. आणि सगळी बटणं त्यांनी अगदी काटेकोर, केसाचाही फरक न ठेवता, लाल ठिपक्यावर आणून ठेवली होती. आणि हात काढले होते.

मला बघून त्यांनी हात वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मी बटणं खाली घेतली. शिट्टी थांबली. कमिटीतले एक म्हातारे उठून म्हणाले, "काय वो साउंडवाले, काल्याला शिट्ट्या? ही काय टुरिंग टॉकीज हाय व्हय?" मंडप हसला. सगळे हसतायत हे बघून अण्णाही हसले. त्यांना काय बोललं गेलं ते ऐकू आलं नसावं.

मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "काहून वाजली रे? ठिपक्यावर व्हतं की समदं."

मी म्हणालो, "हं."

एवढंच म्हणालो. त्या क्षणी सांगायला हवं होतं, की अण्णा, माझ्या ठिपक्याचा अर्थ उलटा आहे. तुमचा ठिपका म्हणजे इथे ठेव, माझा म्हणजे इथे येऊ नको. चूक तुमची नाही, तुमच्या कानांचीही नाही. पण आदल्या दिवशीच त्या ठिपक्याचं कौतुक झालं होतं. मी वायरी गुंडाळायला लागलो.

उन्हाळ्यात घरी राहून मी सगळं पुन्हा केलं. तपकिरी रंग काढला, तांबं काढलं. पांढरट जमीन, वर काळी जाड अक्षरं, उन्हातही वाचता येतील अशी. बटणं तीनच ठेवली आणि त्यांना अण्णांच्या तोंडचीच नावं दिली: आवाज, घुमणं, शिट्टी. शिट्टी वाजायला लागली की अख्खा पडदा हळदीसारखा पिवळा व्हावा असं केलं. आणि लाल ठिपका त्याच्या जुन्या अर्थाला परत नेला. ओट्यावर बसून आम्ही ते तपासलं. आई माइकवर जात्यावरच्या ओव्या म्हणायची, मधेच मी मुद्दाम शिट्टी काढायचो. आई एक कान दाबून ओवी चालूच ठेवायची. अण्णा पिवळा पडदा दिसताच बटण फिरवायचे. ते एकदाही चुकले नाहीत.

पण पहिल्या वेळी जसं त्यांनी आईला हाक मारून दाखवलं, तसं यावेळी नाही दाखवलं. दोन-तीन दिवसांनी म्हणाले, "हे कामाचं हाय. पर पहिलं लई देखणं व्हतं रे. ते काहून काढलं?"

"तसंच," मी म्हणालो. "हे सोपं पडतं."

"माझ्यामुळं काढलं आसंल तर नको काढू. त्यात काय खोट नव्हती. माझंच चुकलं आसंल."

तेव्हाही मी सांगितलं नाही. मनाशी ठरवलं, तुळशीची लग्नं लागू देत, सुपारी येऊ दे. एकदा ती देव्हाऱ्यात पडली की हसत हसत सांगू. सुपारी आली असती तर चूक लहान झाली असती, असा माझा हिशेब.

परत आल्यावर सरांना नवीन पडदा दाखवला. त्यांनी दोन-तीन बटणं फिरवून बघितली. म्हणाले, "हे एखाद्या सरकारी फॉर्मसारखं झालंय रे. आधीचं किती सुंदर होतं. कुणासाठी केलंस हे?"

"वडिलांसाठी, सर."

"मग आधी सांगायचं होतंस," ते म्हणाले. रागावून नाही. त्यामुळेच मला जास्त लागलं.

त्यानंतर मी दोन्ही चेहरे शेजारी शेजारी उघडून कितीतरी वेळा बघितले. पुस्तकं म्हणतात सुंदर आणि सोपं यांत भांडण नाही, ज्याला जमतं त्याला दोन्ही जमतं. असेल. मी दुसऱ्यात पहिल्याचं थोडंसं काही आणायचा प्रयत्न केला, निदान अण्णांना आवडलेली ती तांब्याची चकाकी. पण ती आणली की उन्हात अक्षरं दिसेनात. काढली की सरकारी फॉर्म. शेवटी मी तो नाद सोडला आणि सुपारीची वाट बघत राहिलो.

तुळशीची लग्नं लागून आठवडा झाला तरी घरून काही कळेना. मी रोज फोन करायचो आणि भलतंच काहीतरी विचारून ठेवायचो. शेवटी एका दुपारी, मी कॉलेजच्या झाडाखाली डबा खात असताना, आईचाच फोन आला.

"जेवला का?"

"जेवतोय. बोल ना."

"कमिटीची माणसं आली व्हती सकाळी."

माझा घास हातातच राहिला. "सुपारी दिली?"

"दिली की. चहा पिऊन, हातावर ठिवली. म्हणले, मागल्या साली काय झालं ते झालं, आपला माणूस तो आपला."

"मग?"

मागे कुठेतरी कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मंग ह्यांनी परत केली. सिल्लोडच्या साउंडवाल्याला द्या म्हणले. मी म्हणलं, आवं पोरानं नवं करून दिलंय ना, तर म्हणतात कसं, पोराच्या कामात खोट नाय. मी समदी बटणं ठिपक्यावर ठिवली व्हती, तरी बी वाजली. म्हंजी माझे कानच गेले."